वाचकाचा अभिप्राय : स्वरूप व उपयोग

शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, जिल्हा परिषदांच्या स्मरणिका, ग्रामपंचायतींनी काढलेले गावांचे इतिहास, शासनाच्या निरनिराळ्या विभागांची मासिके असे पुष्कळसे मराठी लेखन प्रतिवर्षी प्रसिद्ध होत असते. ते लिहिणारी मंडळी बहुधा व्यवसायाने लेखक नसतात. कोणी शिक्षक, कोणी ग्रामसेवक, कोणी कृषी सहायक, कोणी निवृत्त तहसीलदार. त्यांच्या लेखनावर वर्तमानपत्रांत परीक्षणे येत नाहीत. आपण लिहिले ते बरोबर की चूक, उपयोगी की निरुपयोगी, हे कळण्याचा मार्ग त्यांना एकच असतो व तो म्हणजे वाचकाचे पत्र. असे पत्र कसे असावे याचा विचार मात्र फारसा होत नाही. शाळेत पत्रलेखन शिकविले जाते. परंतु रजेचा अर्ज, मित्रास सहलीचे वर्णन आणि फार तर संपादकास पाणीटंचाईविषयी पत्र, येथवरच त्याची मजल जाते. दुसऱ्याने लिहिलेले लक्षपूर्वक वाचून त्यास काही उत्तर द्यावे, हा सराव सहसा करून घेतला जात नाही.

परिणाम असा होतो की, संपादकाकडे येणारी पत्रे दोन टोकांची असतात. एका टोकाला 'लेख अतिशय आवडला, असेच लिहीत राहावे' एवढीच ओळ. ती लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु तीच ओळ कोणत्याही अंकातील कोणत्याही लेखास लावता येते आणि लेख न वाचताही लिहिता येते. दुसऱ्या टोकाला तक्रार-अर्ज. विहिरीच्या अनुदानाविषयी लेख छापला की, आपले अनुदान का अडले हे विचारणारी पत्रे 'लेखावरील अभिप्राय' या मथळ्याखाली येऊन पडतात. तक्रार खरी असेल, पण तिची जागा तालुक्याच्या कचेरीत आहे. लेखकाला तिच्यातून काहीच मिळत नाही. या दोहोंच्या मधल्या पत्रांचा येथे विचार करावयाचा आहे.

जुन्या काळची दोन उदाहरणे

मराठी नियतकालिकांचा आणि वाचकांच्या पत्रांचा संबंध जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू केले, तेव्हापासून वाचकांचा पत्रव्यवहार हा नियतकालिकांचा एक अवयवच ठरला. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात १८४८ पासून लोकहितवादींनी जे लेखन केले त्यास 'शतपत्रे' हेच नाव पडले. युरोपातही वेगळे घडले नव्हते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे १६६५ मध्ये निघालेले शास्त्रीय नियतकालिक मोठ्या अंशी अभ्यासकांनी एकमेकांस व सोसायटीच्या चिटणिसास लिहिलेल्या पत्रांवरच उभे राहिले.

परंतु दुसऱ्याच्या लेखनास उत्तर कसे द्यावे याचा वस्तुपाठ पाहावयाचा असेल तर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्याकडे वळावे लागते. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रांट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहून तो १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेले त्याचे मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत शाळांतून वापरात आले आणि जवळजवळ चाळीस वर्षे तोच प्रमाण इतिहास मानला गेला. कीर्तने हे त्या वेळी कॉलेजात शिकत होते. त्यांनी या ग्रंथावर टीकात्मक निबंध लिहिला आणि तो 'विविधज्ञानविस्तार' मासिकात १८६७–६८ च्या सुमारास छापून आला. ग्रंथकार परका आहे, राज्यकर्त्यांपैकी आहे, एवढ्यावर त्यांनी काम भागविले नाही. बखरी समोर ठेवून, कोणत्या ठिकाणी ग्रंथकाराचे विधान आधारास सोडून आहे, हे दाखविण्याची वाट त्यांनी धरली, आणि मूळ मराठी कागद छापून लोकांसमोर आले पाहिजेत असा आग्रह धरला. पुढे १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी 'काव्येतिहाससंग्रह' काढून बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला, तो याच जाणिवेतून. एका विद्यार्थ्याने एका मान्य ग्रंथावर दिलेला अभिप्राय किती दूरवर जाऊ शकतो याचे याहून चांगले उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

दुसरे उदाहरण नकाराचे आहे. १८८५ मध्ये पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. न्यायमूर्ती रानडे यांनी तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांना पाठविले. फुल्यांनी उत्तर लिहून सभेस येण्यास नकार दिला. ते पत्र त्याच वर्षी 'ज्ञानोदय' पत्रात छापले गेले. ज्यांना शूद्रातिशूद्रांचे मनुष्य म्हणून असलेले हक्क मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. भाषा धारदार आहे. आजच्या कित्येक संपादकांना ती छापवली नसती. तरीही त्या पत्रात न येण्याचे कारण उघड सांगितले आहे आणि लिहिणाराने स्वतःचे नाव लपविलेले नाही. मतभेद कळविणाऱ्या अभिप्रायाची योग्यता ठरवावयाची ती याच दोन कसोट्यांवर. शब्द मऊ आहेत की कठोर, हा प्रश्न त्यानंतरचा.

हैदराबादेतील मराठी वाचक

अभिप्राय देण्यास कोण पात्र, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. मोठी पदवी हवी, साहित्याचा अभ्यास हवा, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. ज्याच्याजवळ लेखकाजवळ नसलेली काही माहिती आहे तो पात्र. आणि ती माहिती कोठे असेल याचा नेम नसतो. हैदराबाद शहरातील मराठी वस्तीवरून ही गोष्ट चांगली ध्यानात येते.

औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते (यांपैकी औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे आहे). मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी येणारी मीटर गेज आगगाडी हैदराबादेत काचिगुडा स्थानकावर पोहोचत असे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टाच्या कामासाठी मराठवाड्यातून येणारा मनुष्य तेथे उतरे. काचिगुडा, त्याला लागून असलेला बरकतपुरा, नारायणगुडा, सुलतान बाजार, जांबाग या भागांत मराठी कुटुंबे राहत आली आहेत. विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था, १९२२ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद व तिचे 'पंचधारा' हे नियतकालिक ही या वस्तीची सांस्कृतिक ठाणी होत. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा महाराष्ट्रात गेला. ही कुटुंबे मात्र तेथेच राहिली.

या कुटुंबांतील जुन्या पिढीचे शिक्षण बव्हंशी उर्दू माध्यमातून झालेले होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे विद्यापीठ म्हणूनच, आणि राज्याचा कारभारही उर्दूतून चाले. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू अशी त्यांची रीत. यामुळे निजामी काळातील मराठवाड्याचे जे कागद आजच्या महाराष्ट्रातील शिक्षकाला वाचता येत नाहीत, ते या घरांतील वृद्धांना सहज लागत. सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. निलंग्याचा जन्म, हैदराबाद संस्थानातील मुलकी नोकरी, आणि त्या बळावर मोगल दरबारची फारसी बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली. हैदराबादेत शिकलेले व पुढे नांदेडास अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीस जी दीर्घ प्रस्तावना लिहिली, तीही एका जागरूक वाचकाचा अभिप्रायच होय. तिची योग्यता अशी की, ती पुढे स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाली. पगडी व कुरुंदकर हे मोठे अभ्यासक होते. परंतु बरकतपुऱ्यातील ज्या निवृत्त कारकुनाने आयुष्यभर फसली सनाच्या तारखा लिहिल्या, त्याच्याजवळही काही ज्ञान होते, व ते कोणत्याही ग्रंथात सलग लिहिलेले नव्हते. १९४८ पूर्वी उर्दूतून शिकलेल्या त्या पिढीतील फार थोडी माणसे आता हयात आहेत. जे आहेत त्यांना लिहिणे झेपत नाही. त्यांच्या मुलानातवंडांनीच विचारून लिहून घ्यावे लागते.

एक नमुना

हे ज्ञान अभिप्रायाच्या रूपाने कसे उपयोगी पडते हे दाखविण्यासाठी एक काल्पनिक पत्र पुढे दिले आहे. परभणी जिल्ह्यातील एका शिक्षकाने आपल्या गावच्या शाळेचा इतिहास स्मरणिकेत लिहिला आहे व बरकतपुऱ्यात राहणाऱ्या एका वाचकाने तो वाचला आहे, असे समजावे.

'सा. न. वि. वि. आपल्या शाळेच्या स्मरणिकेतील शाळेच्या इतिहासाचा लेख वाचला. पृष्ठ ११ वर पहिल्या हजेरीपटातील मुलांची नावे व त्यांच्या वडिलांचे व्यवसाय आपण दिले आहेत. गावातील कोणत्या घरची मुले शाळेत आली व कोणत्या घरची आली नाहीत, हे त्या एका पानावरून स्पष्ट दिसते. ही यादी संक्षेप न करता छापलीत हे फार चांगले झाले.

तीन गोष्टी कळवावयाच्या आहेत. पृष्ठ ९ वर मूळ कागदातील "उर्दीबहिश्त १३३३ फसली" ही नोंद देऊन आपण शाळेचा आरंभ १९२३ साली झाला असे म्हटले आहे. निजामी राज्यातील फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होई. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ५९० व त्यापुढील तारखांना ५९१ मिळवावे लागतात. उर्दीबहिश्त हा सहावा महिना. तो मार्चच्या सुमारास येतो. तेव्हा शाळा १९२४ च्या मार्च-एप्रिलात सुरू झाली असावी.

त्याच पृष्ठावर "मदरसा तहतानिया" या शब्दांवरून ती आरंभी धार्मिक शाळा असावी असा तर्क आपण केला आहे. त्या काळच्या सरकारी भाषेत मदरसा म्हणजे कोणतीही शाळा. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिकाची खालची पायरी व फोकानिया म्हणजे हायस्कूल. आपली शाळा पहिल्या दिवसापासून सरकारी प्राथमिक शाळाच होती.

पहिल्या गुरुजींचा पगार २१ रुपये दिला आहे. तो हाली सिक्क्यात होता की कलदार, हे कागदात पाहावे. हाली असल्यास ७ हाली रुपयांस साधारणतः ६ कलदार या दराने तो १८ कलदार रुपये होतो. शेजारच्या इंग्रजी मुलखातील पगाराशी आपण केलेली तुलना त्यामुळे बदलेल. आमच्या तीर्थरूपांच्या सेवापटात फसली व इंग्रजी अशा दोन्ही तारखा आहेत. त्या पानाची छायाप्रत पडताळ्यासाठी सोबत जोडली आहे.

एक विचारावयाचे आहे. मुलींची नावे हजेरीपटात कोणत्या सालापासून येतात? लेखात त्याचा उल्लेख आढळला नाही. कळावे, लोभ असावा ही विनंती.'

हे पत्र दोन पानांपेक्षा अधिक होणार नाही. त्यात स्तुती आहे, परंतु ती पृष्ठ ११ ची आहे. दुसऱ्या कोणत्याही लेखास ती लावता येणार नाही. चुका दाखविल्या आहेत, परंतु 'आपल्या लेखात अनेक चुका आहेत' असे वाक्य कोठेही नाही, कारण त्या वाक्याने लेखकास दुःख होण्यापलीकडे काही साधत नाही. प्रत्येक दुरुस्तीसोबत ती पडताळून पाहण्याचे साधन दिले आहे. फसलीचा हिशेब लेखक स्वतः करून पाहू शकतो, आणि पुढच्या वेळी पत्राची वाट न पाहता करील. पगाराविषयी खात्री नसल्याने पत्रलेखकाने तेथे विधान केलेले नाही, पाहण्यास सुचविले आहे. मदरशाविषयीची दुरुस्ती तर तारखेच्या दुरुस्तीहून महत्त्वाची म्हणावी लागेल. तारीख चुकली तर एक वर्ष इकडे-तिकडे होते. शब्द चुकीचा लागला तर गावाच्या पहिल्या सरकारी शाळेचे स्वरूपच पुढील पिढ्यांना उलटे कळते, व त्यावरून गावात नको ते वादही उत्पन्न होऊ शकतात.

पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, ही बाब सहज नजरेतून सुटते. पुष्कळ अभिप्रायकार केवळ सांगतात, विचारीत नाहीत. खरा प्रश्न विचारला गेला की लेखकाला दप्तर पुन्हा उघडावे लागते. वर दिलेल्या प्रश्नातून गावातील स्त्रीशिक्षणाचे एक प्रकरण लिहिले जाऊ शकेल.

शेतीविषयक व इतर लेखनाबाबत

इतिहासाच्या लेखनास जे लागू आहे तेच शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांवरील विभागीय लेखनासही लागू आहे. फरक एवढाच की, येथे माहिती कागदात नसून शेतात वा वर्गात असते. एखाद्या वाणाविषयी लेख आला व शेतकऱ्याने 'आमच्याकडे हे जमत नाही' असे कळविले, तर कृषी अधिकाऱ्याला त्यातून काय बोध व्हावा? जमीन भारी काळी की मुरमाड, पेरणी कोणत्या नक्षत्रात केली, त्यानंतर पाऊस किती दिवसांनी झाला, बियाणे एकरी किती टाकले, खत कोणते व केव्हा दिले, एवढे जर त्या पोस्टकार्डावर असेल तर तेच 'जमत नाही' हे वाक्य एका प्रयोगाच्या नोंदीइतके मोलाचे होते. हेक्टर व एकर यांचा घोटाळा मात्र टाळावा. लेखातील आकडा हेक्टरी असतो व शेतकऱ्याचा हिशेब एकरी असतो. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर हे लक्षात न घेतल्याने उगाच मतभेद झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

शिक्षकांच्या बाबतीत अडचण निराळी असते. शिक्षक बहुधा भाषा तपासतात. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, अनुस्वार, वाक्यरचना यांची यादी करून ते संपादकाकडे पाठवितात. मुद्रणशुद्धीच्या दृष्टीने ती उपयुक्त आहे हे मान्य. परंतु भागाकार शिकविण्याच्या एखाद्या पद्धतीवर लेख लिहिणाऱ्यास, ती पद्धत चौथीच्या वर्गात वापरली तेव्हा मुले कोठे अडली, हे कळण्याची आस असते. वेलांट्यांची यादी स्वतंत्र कागदावर द्यावी आणि मूळ पत्र अध्यापनाविषयीच असावे.

अधिकाऱ्यांनी कनिष्ठ सहकाऱ्याच्या लेखावर अभिप्राय देताना विशेष जपावे लागते. कचेरीतील फाइलीवर 'चर्चा करावी' असा शेरा मारण्याची सवय हाताला जडलेली असते. तो शेरा लेखावर मारला तर लेखक पुन्हा लिहीत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी

लेख एकदा वाचून लगेच पत्र लिहू नये, दुसऱ्यांदा वाचावा. ज्या शंका मनात आलेल्या असतात त्यांपैकी निम्म्यांचे उत्तर लेखातच पुढे दिलेले असते. अंकाचा महिना, लेखाचे नाव व पृष्ठ यांचा उल्लेख प्रारंभीच करावा. आपले म्हणणे ऐकीव आहे, वाचलेले आहे की स्वतः पाहिलेले आहे, ते वेगळे सांगावे. वृद्धांकडून ऐकून लिहिले असल्यास त्यांचे वय व ते त्या वेळी कोठे राहत होते हे द्यावे, आणि त्यांची संमती घेतल्याशिवाय नाव देऊ नये. निनावी पत्र पाठवू नये. पूर्वी या सर्वासाठी पोस्टकार्ड वा आंतर्देशीय पत्र लागे. आता मोबाइलवरूनही संदेश धाडता येतो व ते सोयीचे आहे, परंतु दोन शब्दांत उत्तर उरकण्याचा मोहही त्यामुळे वाढला आहे.

पत्र ज्याला येते त्याच्याकडेही काही काम असते. दुरुस्ती पटल्यास पुढील अंकात ती छापावी व ती सुचविणाऱ्याचा उल्लेख करावा. न पटल्यास का पटली नाही ते कळवावे. वर दिलेल्या उदाहरणात शिक्षकाने मूळ कागद पाहून 'पगार हाली सिक्क्यातच होता' एवढे जरी कळविले, तरी बरकतपुऱ्यातील त्या घरी जुनी ट्रंक पुन्हा एकदा उघडली जाण्याचा संभव असतो. शाळांनी व ग्रामपंचायतींनी अशी पत्रे स्मरणिकेच्या कार्यालयीन प्रतीस जोडून ठेवावीत. सुवर्णमहोत्सवाचा अंक काढणारी समिती पुढे विसर्जित होते, तिचे चिटणीस बदलून जातात, आणि हीरकमहोत्सवाच्या वेळी नवी समिती जुनाच अंक समोर ठेवून १९२३ हेच साल पुन्हा छापते. पत्र अंकालाच टाचलेले असेल तर ते तिच्या हाती पडते.